बारा नंबरची पट्टी

ही गोष्ट एकोणीसशे बहात्तर सालची. शेवाळ त्याआधीही दर वर्षी वाहून येतच असे, पण त्या वर्षी ते असं आलं की किनाऱ्यावर वाळू शोधावी लागली. भरती ओसरली की धक्क्यापासून लॉजच्या कुंपणापर्यंत तपकिरी, ओलं, गुडघाभर शेवाळ पसरलेलं असायचं. पहिले दोन दिवस त्याला समुद्राचा वास यायचा, तिसऱ्या दिवशी नासक्या अंड्यांचा. मग बायका भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायच्या, शाळेतल्या बाई मुलांना मागच्या वर्गात बसवायच्या, आणि लॉजवाला नगरपालिकेत अर्ज घेऊन जायचा.

त्या शेवाळावर पोट चालणारं गावात एकच घर होतं. ते ताईचं.

ताई तशी साऱ्या गावाचीच ताई, पण सख्खी होती ती धाकटीची. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची आणि ताई एकोणीस. ताईने पहाटे किनाऱ्यावर जाऊन ताजं शेवाळ उचलायचं, दोनदा गोड्या पाण्यातून काढायचं, जुन्या जाळ्या ताणलेल्या लाकडी चौकटींवर चार बोटं जाडीचा थर पसरायचा, दिवसातून दोनदा उलटायचा आणि वाळलं की मळ्यातल्या भाजीवाल्यांना खत म्हणून द्यायचं, असा धंदा उभा केला. त्याच धंद्यावर धाकटी विज्ञान शिकली आणि नगरपालिकेच्या आरोग्य प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. "खाऱ्या पाण्यावर वाढलीय ती," ताई म्हणायची, "म्हणून तोंडाची अळणी नाही."

ताईला गर्व कशाचा होता, तर नाकाचा. मूठभर शेवाळ नाकाशी नेऊन ती सांगायची, "हे परवाच्या भरतीचं. ते तिकडचं पाच दिवसांचं, खाली दबलेलं. त्याला हात लावू नका." आणि भाजीवाले तेवढ्या शब्दावर माल उचलायचे. तिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. धाकटीचे हे भावजी कानाने कमी होते. अर्धे कान इंजिनाने खाल्ले आणि उरलेले बायकोने, असं ते स्वतःच सांगत. घर तिघांचं. खाली ताई आणि भावजी, वरच्या खोलीत धाकटी. तिशी उलटली तरी तिने लग्न केलं नव्हतं, आणि त्यावरून तिला कुणी टोकलं की ताईच त्याला टोचून काढायची.

त्या वर्षी लॉजवाल्याचा अर्ज नेहमीसारखा बासनात गेला नाही. त्याचे पाहुणे दोन दिवसांत डोकं धरून परत जात होते आणि त्याने सगळं खापर ताईच्या आवारावर फोडलं होतं. शेवाळ साठवायला आणि वाळवायला कायमची बंदी घाला, अशी त्याची मागणी होती. नगरपालिकेने प्रयोगशाळेला तीन महिने दिले. हे शेवाळ माणसाला अपाय करतं का आणि त्याचा काही उपयोग आहे का, ते सांगा. अपाय करतं असं निघालं तर ताईचं आवार बंद, हे अध्यक्षांनी भर सभेत सांगून टाकलं.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक पाण्याचा नळ आणि डॉक्टरीणबाई. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि बोलायला अशा की औषध परवडलं. शिशाच्या क्षारात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी चोवीस जागी टांगायच्या ठरवल्या. कुजक्या शेवाळातून निघणारा वायू लागला की पांढरी पट्टी आधी तपकिरी होते, मग काळी. प्रत्येक पट्टी छिद्रं पाडलेल्या डब्यात टांगायची, रोज सकाळी काढून नवी लावायची. त्याशिवाय किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात एक वही द्यायची. डोकं दुखलं का, डोळ्यांची आग झाली का, वास आला का, हे रोजच्या रोज लिहायला.

"बाई," धाकटी म्हणाली, "अकरा आणि बारा नंबर माझ्या बहिणीच्या आवारात येतात. त्या पट्ट्या दुसऱ्या कुणी काढलेल्या बऱ्या."

"दुसरं कोण आहे इथे? मी, तू आणि शिपाई. शिपाई लॉजवाल्याचा साडू. या गावात नातं नसलेला माणूस हवा तर तो भरतीबरोबर वाहून यावा लागेल." बाईंनी वहीवर बोट आपटलं. "नियम एकच. जो पट्टी काढेल त्यानेच ती वहीत चिकटवायची आणि खाली सही करायची. भिजली तर भिजली लिही, हरवली तर हरवली लिही. कोरा रकाना मला चालेल, गोड रकाना चालणार नाही."

काम सुरू झालं. सकाळी साडेसहाला धाकटी सायकलवर डब्यांची पिशवी अडकवून निघायची आणि आठ वाजता खळीची वाटी पुढे घेऊन वही उघडायची. लॉजच्या मागच्या भिंतीकडच्या चार आणि पाच नंबरच्या पट्ट्या पहिल्या आठवड्यापासूनच काजळासारख्या निघाल्या. धक्क्यावरच्या पट्ट्या कधी तपकिरी, कधी बऱ्या. ताईच्या आवारातल्या दोन्ही मात्र धुतल्या कपड्यासारख्या पांढऱ्या. अकरा नंबर चौकटींच्या रांगेत होता, बारा नंबर अवजारांच्या खोपटाच्या दारावर. दोघांत पुरती बारा पावलंही नव्हती.

प्रयोगशाळेमागे बाईंनी कोबीचे तीन वाफे केले. एकात ताईचं धुतलेलं शेवाळ, एकात किनाऱ्यावरून उचललेलं तसंच, तिसऱ्यात काही नाही. दुसऱ्या वाफ्यातली रोपं पंधरवड्यात मान टाकून बसली. ताई सहज डोकावली आणि हसत सुटली.

"बाई, न धुता घातलंत? अहो, कोबी लावलाय की लोणचं?"

"माझा समज होता की मीठ पाण्याबरोबर झिरपून जाईल."

"एवढी पुस्तकं वाचलीत, त्याऐवजी मला एकदा विचारायचं!"

बाईंनी ते निमूट लिहून घेतलं. मग त्यांनीही तिला एक गोष्ट सांगितली. वाळलेलं शेवाळ काही लोक कोंबड्यांच्या खाद्यात घालायला नेतात, ते तूर्त थांबव. शेवाळ समुद्रातून काय काय शोषून घेतं, ते अजून तपासायचं आहे. ताईला ते आवडलं नाही, पण तिने ऐकलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बारा नंबरची पट्टी तपकिरी निघाली. धाकटीला वाटलं, कागदच खराब असेल. दुसऱ्या दिवशी ती गडद झाली. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर पट्टी काळी, कडांना चकाकी आलेली. धाकटीने ती चिमट्यात धरली आणि खोपटाला वळसा घातला.

मागे, भिंत आणि कुंपणाच्या बेचक्यात, कमरेएवढा ढीग होता. वरून वाळलेला, पोटात ओला. जवळ जाताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि घशात काटा टोचल्यासारखं झालं.

"ताई! हे काय आहे?"

ताई गुडघ्यावर हात ठेवत आली. महिनाभर तिचा उजवा गुडघा सुजला होता, पण घरात तिने त्याबद्दल ब्र काढला नव्हता. "काय असायचं? शेवाळ. चौकटी भरल्या की उरलेलं इथे टाकते. रोजचं सगळं उलटायला आता होत नाही माझ्याने. बरं वाटलं की पसरीन."

"किती दिवस झाले याला?"

"असतील पंधराएक. पण चांगलंय गं ते, वास कुठे येतोय?"

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ताई ढिगाला टेकून उभी होती आणि चेहऱ्यावर आठीही नव्हती. इतक्यात पाना शोधत भावजी आले आणि चार पावलं अलीकडेच नाकाला बाही लावून थांबले.

"काय मेलंय इथे?" ते ओरडले.

"तुम्हाला येतोय वास?" ताईने विचारलं.

"कान गेलेत माझे, नाक नाही!"

ताईने ढिगातून मूठभर शेवाळ उपसलं आणि नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग दुसरी मूठ उचलली. बाजारभर ज्या नाकाची ग्वाही चालायची, त्या नाकाला ती काहीतरी मागत होती आणि ते देत नव्हतं. तिने मूठ हळूच खाली टाकली आणि हात पदराला पुसले.

"सर्दी झाली असेल," ती म्हणाली.

"ताई, सर्दी नाही ही. हा वायू नाकच बधिर करतो. बाईंनी सांगितलंय मला. आणि तुझं रोज दुपारी डोकं दुखतं, वहीत लिहितेस ना?"

"ते चष्म्याने."

"चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. डोकं पंधरा दिवसांचं."

ताईने चष्मा नाकावर नीट सरकवला. मग तिची नजर धाकटीच्या चिमट्यावर गेली.

"ही त्या वहीत जाणार?"

"हो."

"चोवीसांतली एक. भिजली म्हण."

"कोरडी आहे."

"हरवली म्हण मग. अगं, एक पट्टी! तो लॉजवाला टपून बसलाय. ही काळी चिंधी दाखवली की माझ्या चौकटी उद्या सरपणात जातील. तुझं शिक्षण याच आवारातून निघालं, ते तरी आठव."

उपकार काढून दाखवण्याची ताईची पद्धत नव्हती. त्या एका वाक्याने दोघीही ओशाळल्या. धाकटीने पट्टी डब्यात ठेवली आणि सायकल हाताने ढकलत प्रयोगशाळेपर्यंत चालत गेली.

तिने खळीची वाटी पुढे ओढली. तेवीस पट्ट्या चिकटवून झाल्या, बारा नंबरचा रकाना राहिला. बाई शेजारच्या खोलीत होत्या, विचारणारं कुणी नव्हतं. "हरवली" असं लिहायला चार अक्षरं पुरली असती, आणि बाईंनी ती निमूट मान्य केली असती. नेमकं तेच तिला लिहवेना. पट्टी हरवली नव्हती, ती समोर होती. आणि आज ही हरवली, तर अकरा नंबरच्या पस्तीस पांढऱ्या पट्ट्यांना कुणी विचारलं असतं? तिने बोटाने खळ लावली, पट्टी चिकटवली, सही केली. मग उगाचच खिडकीशी जाऊन कोबी बघत उभी राहिली.

बाईंनी दुपारी वही चाळली. बारा नंबरवर थांबल्या, चष्मा कपाळावर सरकवला.

"ढीग?"

"हो. पंधरा दिवसांचा."

"आणि अकरा नंबर?"

"पांढरा. रोज."

"शेवाळ तेच?"

"एकाच गाडीतलं."

बाईंनी त्या दोन रकान्यांवरून बोट फिरवलं. "एक महिना मी विचार करतेय," त्या म्हणाल्या, "की साचलेलं आणि पसरलेलं शेवाळ शेजारी शेजारी ठेवून कसं तपासावं. तुझ्या बहिणीने गुडघा दुखतो म्हणून माझा प्रयोग मांडून ठेवला." मग जरा मऊ आवाजात, "घरी कसं आहे?"

"घरी जायचंय अजून."

घरी ताईने अबोला धरला. पण ताईचा अबोला म्हणजे इतरांचं भाषण. भांडी बोलत होती, दारं बोलत होती, आणि मधे भावजी तार ऑफिससारखे बसले होते.

"विचारा तुमच्या मेहुणीला, भाजी वाढू का?"

"धाकटे, भाजी हवी का?"

"थोडी."

"थोडी म्हणते," भावजींनी कळवलं.

"ऐकलं. मी बहिरी नाही. सांगा तिला, घरचा भेदी लंका जाळतो म्हणतात. आमची लंका तर आधीच ओली होती."

भावजींना त्यातलं अर्धंच ऐकू आलं. "लंका ओली, म्हणते," त्यांनी गंभीरपणे सांगितलं, आणि धाकटीला हसू दाबता दाबता ठसका लागला. ताईने पाण्याचा पेला तिच्यापुढे आपटला, पण भरलेला आपटला.

दुसऱ्या सकाळी ढीग नव्हता. भावजींनी आणि दोन शेजाऱ्यांनी तो उपसून किनाऱ्यावर उन्हात पातळ पसरला होता. ताईने ते कुणासाठी करवून घेतलं हे सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बारा नंबरची पट्टी पुन्हा पांढरी निघाली. ती दाखवायला धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तर ताई भावजींना म्हणाली, "सांगा तिला, उजेड अडवू नको."

तीन महिने संपले आणि नगरपालिकेत सभा भरली. खुर्च्या कमी, माणसं जास्त. बाईंनी कागद न बघता सांगितलं. शेवाळ साचून कुजलं की त्यातून घातक वायू निघतो. ज्या घरांजवळ ढीग, त्याच घरांच्या वह्यांत डोकेदुखी आणि डोळ्यांची आग. ताजं उचलून, धुऊन, पातळ पसरून वाळवलं तर पट्टी पांढरीच राहते, आणि खत चांगलं होतं. कोंबड्यांना घालावं की नाही ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत नसताना मी हो म्हणणार नाही.

लॉजवाला उठला. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पांढऱ्या पट्ट्या काढल्या कुणी? वाळवणवालीच्या सख्ख्या बहिणीने! मांजरालाच दुधाची राखण!"

खोलीत कुजबुज झाली. धाकटीचे कान तापले. बाईंनी वही उघडून अध्यक्षांपुढे सरकवली. "बारा नंबर बघा. आवारही त्याच बहिणीचं. आता सही वाचा."

अध्यक्षांनी पान उलटलं. पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत मध्येच त्या काळ्या. एकाच नंबरच्या, सात दिवसांच्या, खाली धाकटीचं बारीक अक्षर. वही हातोहात पुढच्या रांगेत फिरली.

"म्हणजे ढीग होता तर!" लॉजवाल्याने तेही उचललं. "बघा, हिच्याच आवारात होता!"

"होता," मागून आवाज आला.

ताई उभी राहिली होती, भावजींच्या खांद्यावर हात टेकून.

"माझाच होता. गुडघा दुखत होता, आळस केला, आणि लपवला. मला वासही आला नाही त्याचा. तुम्ही माझ्या नाकावर माल घेता ना, तर ते नाक गेलं होतं पंधरा दिवस, हे भाजीवाल्यांनो ऐकून ठेवा. मी हिला म्हटलं, पट्टी हरवली म्हण. तिने नाही ऐकलं. लहानपणापासून ऐकत नाही ती माझं." ती श्वास घ्यायला थांबली. "तिने बारा नंबर लपवला नाही, म्हणजे अकराही खरा. आता चार आणि पाच नंबर कुठले आहेत ते विचारा कुणीतरी."

अध्यक्षांनी पानं उलटली. "चार आणि पाच... लॉजच्या मागची भिंत. तीन महिने काळ्या!"

पाहुण्यांना समोर शेवाळ दिसू नये म्हणून लॉजवाला रोज पहाटे ते गडीमाणसांकडून उचलून घ्यायचा आणि मागच्या भिंतीला लावायचा. त्या भिंतीला पाहुण्यांच्या खोल्यांच्या खिडक्या होत्या. ढिगाशेजारी बसून बसून त्याच्याही नाकाला सवय झाली होती. तो खरंच म्हणाला, "पण तिथे वास कुठे येतो?" आणि सगळ्या खोलीत असा हशा पिकला की शेवटी तोही खाली बसून हसला.

"आपलं ठेवायचं झाकून," भावजी मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना हळू बोलता येतच नसे.

बंदी आली नाही. शेवाळ दोन दिवसांच्या आत किनाऱ्यावरून उचलायचं आणि चार बोटांपेक्षा जाड थर कुणी करायचा नाही, एवढा ठराव झाला. चार बोटं म्हणजे कुणाची, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ताईचा हात कागदावर ठेवून तो पेन्सिलीने काढून घेतला.

परत येताना ताई भावजींच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती. मग थेट धाकटीला म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळचं उलटणं तुझ्याकडे. सही करून काही होत नाही, कंबर वाकवावी लागते."

"बरं."

"आणि चष्म्याचं तूच जिंकलीस. डोकं नाही दुखत आता."

"भावजी, सांगा ना तिला," धाकटी म्हणाली, "ऐकलं म्हणावं."

त्यानंतर लॉजवाल्याने मागची भिंत मोकळी केली. त्याचं सगळं शेवाळ ताईच्या आवारात येऊ लागलं आणि वर्षभरात ते दोघं असे मित्र झाले की त्याच्या मुलीच्या लग्नाची यादी ताईने केली. म्हातारपणी तो पाहुण्यांना वाळवणं दाखवायला घेऊन यायचा आणि हे सगळं आपल्याच अर्जामुळे झालं, असं सांगायचा. एका अर्थी ते खोटंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा अहवाल आरोग्यखात्याच्या कपाटात अकरा वर्षं पडून होता. मग शेवाळाचा त्रास दुसऱ्या किनाऱ्यांवर सुरू झाला, तेव्हा कुणीतरी तो शोधून काढला. बाई तोवर निवृत्त होऊन भाचीकडे राहायला गेल्या होत्या. कोंबड्यांच्या खाद्याचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मनासारखं मिळालं नाही, आणि त्यांनी ते दिलंही नाही.

भावजी एकोणऐंशी साली दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला काही त्रास न देता गेले, असं लोक म्हणाले. ताई म्हणाली, जाताना मी हाक मारली होती, पण ऐकलं असेल तर शपथ.

ताईचं नाक पूर्वीसारखं कधीच झालं नाही. तिखट वास कळायचे, बारीक कळायचे नाहीत. भाजीवाल्यांना तिने स्वतःच सांगितलं की आता हाताने ओळखते, आणि खरोखरच शिकली. शेवाळ बोटांत चुरडून ते किती दिवसांचं ते सांगायची, आणि शंभरात एखादंच चुकायचं. ब्याऐंशी वर्षांची होईपर्यंत ती चौकटींमधून काठी टेकत फिरत होती.

धाकटीने लग्न केलं नाही. ती त्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली, खोल्या दोनाच्या पाच केल्या, आणि पंचवीस वर्षं नव्या माणसाला पहिल्या दिवशी पट्टी चिकटवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर आवार तिने चालवायला घेतलं. अजूनही चालवते. आता कामाला बायका आहेत, पण संध्याकाळचं उलटणं ती कुणाला देत नाही. उन्हं कलली की चौकटींच्या रांगेत उतरते, पदर खोचते, आणि एकेक थर हाताने परतत शेवटच्या जाळीपर्यंत जाते.